दारातलं गोणपाट

रॉकेटचं खोकं आलं तेव्हा मी घरी एकटीच होते. खोकं म्हणजे चांगली माझ्या उंचीची लांबट पेटी. आणून देणाऱ्यानं विचारलं, "मॅडम, पडद्याचे पाइप का?" मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर तो तासभर हलला नसता आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या भूम गावाला कळलं असतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिथल्या मुलांचा रॉकेटचा गट आहे. त्यांनी बाहेरून मोठ्या रॉकेटचे दोन संच मागवले आणि एक माझ्या शाळेला दिला. सांगाडा मी बांधायचा. मोटर, परवानगीची कागदपत्रं आणि उडवायची यंत्रणा ते आणणार. मी विज्ञान शिकवते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत, आणि शाळेत माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. मी लगेच होकार दिला. माझे वडील दारूच्या स्फोटात गेले हे त्या मुलीला माहीत नव्हतं.

दारू म्हणजे शोभेची. आमच्याकडे शेती होती, पण घराची ओळख दारूवाल्यांचं घर अशीच. आसपासच्या जत्रांना नळे, मोठ्या आवाजाचे औट, बाण आमच्या शेडमधून जायचे. शेड मळ्यात, वस्तीपासून लांब. तिच्या दारात एक गोणपाट टाकलेलं असे, आणि ते कायम ओलं ठेवायचं. आत जाणारा माणूस चपला काढणार, अनवाणी पायांनी गोणपाटावर उभा राहणार, मगच आत. वाळक्या हवेत अंगावर साचलेली वीज पायावाटे जमिनीत उतरावी यासाठी ते होतं. बाबांना हे शब्द ठाऊक नव्हते. ते म्हणायचे, "आंगातली ठिणगी भायेर ठिवून यायची."

गोणपाट भिजवायचं काम माझं होतं. मी दहा वर्षांची होते. वैशाखात ते तासाभरात खडखडीत व्हायचं, म्हणून मी दिवसातून पाच-सहा वेळा तांब्यानं पाणी ओतायची. त्या दिवशी सकाळी मी जरा जास्तच ओतलं. दारात चिखल झाला, चिखलाचे पाय आत गेले आणि बाबा सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडले. मी रुसले. तांब्या घेऊन विहिरीजवळच्या लिंबाखाली जाऊन बसले. बघू आता कोण ओततंय, असं मनात म्हणाले. हे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात.

दुपारी शेडचा पत्रा वर उचललेला मला आधी दिसला. आवाज नंतर आला. मधे अगदी थोडा वेळ गेला, डोळ्याची पापणी लवावी एवढा, आणि तेवढ्यात मला सगळं समजलं. मी विहिरीवरच्या बादलीतून तांब्या भरला आणि धावत गेले. आत आग होती, बाबा आत होते, त्यांच्यासोबत शेडमध्ये काम करणारे धाकटे भाऊ, माझे काका, हात घालून त्यांना ओढत होते. गोणपाट दाराबाहेर पडलेलं होतं. मी त्यावर पाणी ओतलं. ते ओलं दिसावं म्हणून ओतलं.

त्याच वेळी काका ओरडले होते, "अरे धरा तिला, पोरगी आगीत शिरतीय!" तिथून ती गोष्ट तयार झाली. एवढीशी पोर, एक तांब्याभर पाणी घेऊन बापाला वाचवायला आगीत निघाली. आईनं ती माझ्या सासरच्यांना सांगितली. माझ्या सत्काराच्या वेळी हेडमास्तरांनी माइकवरून सांगितली. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तिच्या शेवटच्या दिवसांतही भेटायला येणाऱ्यांना ती हीच गोष्ट सांगत होती आणि मी उशाशी बसून औषधाच्या गोळ्या काढत होते. तिला मी कधीच खरं सांगितलं नाही. याची मला लाज वाटते आणि ती कमी होत नाही.

आता ही गोष्ट सांगणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे काका. त्यांचं वय ऐंशीच्या घरात. मला भीती वाटायची की तेही असेच जातील आणि मग ज्याला खरं सांगावं असं कुणी राहणारच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी रॉकेट बांधायला घेतलं. काम अवघड नाही, किचकट आहे. एका मोठ्या नळीत मोटरची लहान नळी बसवायची, मधे लाकडी कड्या. खाली तीन पंख, खाचेतून आत सरकवून इपॉक्सीनं पक्के करायचे. पंख एका केसानंही तिरका बसला तर रॉकेट वाट सोडतं. मी शेजारच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. तो म्हणाला, "भिंत बांधताय का बाई?" पहाटेच्या थंडीत इपॉक्सी वाळायचं नाव घेत नव्हतं, म्हणून मी तो सगळा सांगाडा उन्हात अंगणात ठेवायची आणि गल्लीतली माणसं येता-जाता थबकायची.

बांधून झालं तसं ते मधल्या खोलीत कपाटाशेजारी उभं केलं. माझ्यापेक्षा वीतभर उंच. आंघोळ करून बाहेर आलं की कोपऱ्यात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं आणि छातीत धस्स व्हायचं. दर वेळी. बाबांची उंची किती होती ते मला माहीत नाही. दहा वर्षांच्या मुलीला सगळेच उंच दिसतात. मी कपाट सरकवून पाहिलं, रॉकेट दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिलं, पण तिथं ते दाराकडे तोंड करून उभं राहिल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी पुन्हा जागेवर आणलं.

माझ्या घराला पायपुसणं नाही. येणारे-जाणारे त्यावरून चेष्टा करतात, एवढी टापटिपीची बाई आणि दारात साधं गोणपाट नाही. मी म्हणते, पाय धुवून या.

संचासोबत आलेल्या पुस्तिकेत शेवटी दारूचं पान होतं. रॉकेट वर पोचलं की आतली चिमूटभर दारू पेटते, टोकाचं निमुळतं नाकाडं उडवून लावते आणि पॅराशूट बाहेर येतं. ती दारू हाताळताना सुती कपडे घाला, आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा, असं लिहिलं होतं. मी ते पान चार वेळा वाचलं आणि पुस्तिका मिटून ठेवली.

उडवायला मोकळी जागा हवी होती. काकांचा मुरमाड माळ सोडला तर मला दुसरी सुचेना. मी फोन केला.

"काका, तुमच्या माळावरून रॉकेट उडवायचंय."

"बाण म्हण की," ते म्हणाले. मग जरा थांबून, "दारू कोण भरणार?"

"पुण्याची मुलं भरतील."

"माझ्या माळावरच्या बाणाची दारू पोरंसोरं भरणार? म्या काय मेलोय व्हय? तू ये त्ये घिऊन. म्या भरतो."

काकांचा परवाना अजून चालू आहे. बाबा गेल्यावर घर त्यांनीच चालवलं, त्याच धंद्यावर, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली असताना. संक्रांत झाल्यावर, उडवायच्या आदल्या दिवशी, मी रॉकेट टेम्पोत घालून गेले. जुनी शेड होती तिथं आता तूर उभी होती. नवी शेड माळाच्या पायथ्याला आहे. बाबा गेल्यापासून मी कुठल्याच शेडच्या दाराशी गेले नव्हते.

दारात गोणपाट होतं. सकाळचा कोरडा वारा सुटला होता आणि ते वाळून ताठ झालं होतं. शेजारी पाण्याची बादली, तिच्यावर तांब्या. काकांनी चपला काढल्या, गोणपाटाच्या अलीकडे उभे राहिले आणि मला म्हणाले, "वत पाणी."

माझा हात उठेना. त्यांनी वळून पाहिलं.

"काका," मी म्हणाले, "त्या दिवशी गोणपाट कोरडं होतं."

मी तशीच पुढं बोलले.

"मी विसरले नव्हते. बाबा रागावले म्हणून मुद्दाम ओतलं नाही. आणि आग विझवायला धावले म्हणता ना तुम्ही सगळे, ते खोटं आहे. मी गोणपाटावर ओतत होते. कुणाला कळू नये म्हणून."

"म्हाईत हाय," काका म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"आग तिकडं आन् तू पाणी वततीस इकडं. तवाच समजलं. पाठीमागून तुझी आई पळत येत व्हती. तिनं बघितलं असतं तर इचारलं असतं. म्हणून म्या वरडलो."

"धरा तिला, आगीत शिरतीय, ते?"

"व्हय. तू कुठं आगीत शिरत व्हतीस? जाग्यावर उभी व्हतीस."

मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही, मला भयंकर राग आला. ती सगळी गोष्ट, ते सत्कार, आईचं कौतुक, सगळं यांच्या एका ओरडण्यातून आलं होतं आणि हे इतकी वर्षं गप्प होते. मी त्यांना तोंडावर विचारलं, की मला एकदा, एकदा तरी का नाही सांगितलं.

काका गोणपाटाकडे बघत होते. "तुला सांगितलं असतं तर माझं बी सांगावं लागलं असतं."

"तुमचं काय?"

"म्या त्याच्या जरा आधीच भायेर आलो व्हतो. तंबाखू खायाला. गोणपाटावरनंच आलो. पायाला कोरडं लागलं. बादली भरलेली दारातच व्हती, आत्ता हाय तशी. म्हनलं, पोरगी रुसलीय, राग गेला की वतंल. आन् तसाच गेलो."

वारा शेडच्या पत्र्याला लागून वाजत होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

"कशानं पेटलं ते कुणालाच ठावं न्हाय," ते म्हणाले. "खलात खडा असंल. कायबी असंल. पण कोरडं व्हतं."

मी तांब्या भरला आणि ओतलं. पाणी आधी गोणपाटावरून घरंगळलं, मग हळूहळू मुरलं. दुसरा तांब्या ओतला. काका त्यावर उभे राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि मग आत गेले. त्यांच्यामागून मीही उभी राहिले. पायाला गार लागलं.

आत त्यांनी तीन बोटांनी दारू मोजून डबीत भरली. मी पुस्तिका वाचून दाखवत होते.

"ठासू का?"

"ठासायची नाही. सैल ठेवायची, लिहिलंय इथं."

"सैल दारू म्हंजे काय दारू?" ते पुटपुटले, पण सैल ठेवली. निघताना म्हणाले, "दादा असता तर ठासलीच असती त्यानं. कुणाचं ऐकायचा न्हाय." बाबांबद्दल ते सहसा बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर पुण्याचा गट आणि माझी दहावीची मुलं अशी गर्दी जमली. मोटर बसली, रॉकेट लोखंडी दांडीवर उभं राहिलं, वायर लांबवर नेली. पुण्याची मुलं इंग्रजीत उलटे आकडे मोजणार होती. काका म्हणाले, आमच्यात मोजत न्हाईत. ते पुढं झाले आणि बाबा बत्ती लावण्याआधी ओरडायचे तसं तीनदा ओरडले, "हटाऽऽ! हटाऽऽ! हटाऽऽ!" तिसऱ्याला बटण दाबलं.

रॉकेट गेलं. केवढ्या जोरात गेलं ते सांगता येत नाही, मी मान वर करेपर्यंत ते बोटाएवढं झालं होतं. मुलं किंचाळत होती. मग ते मंदावलं, आडवं व्हायला लागलं आणि तिथं एक पांढरा ठिपका फुटला.

धूर आधी दिसतो, आवाज मागून येतो. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. त्या उंचीवरून आवाज यायला दोन-तीन सेकंद लागणार होते, हे मला नीट माहीत होतं. तरी ठिपका दिसला आणि मी लिंबाखाली बसलेली होते, हातात तांब्या होता, पत्रा वर उचललेला होता. आवाज अजून यायचा होता. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मग आला. फट् करून, अगदी बारका. आम्ही दोघंच दचकलो. नारिंगी पॅराशूट उघडलं आणि मुलं त्याच्यामागं तुरीच्या रानाकडे पळत सुटली.

रॉकेट सापडलं, पंखसुद्धा शाबूत. बाभळीखाली चहा झाला. मुलं काकांभोवती बसली आणि एकीनं विचारलं, "आजोबा, आमच्या बाई लहानपणी पण अशाच कडक होत्या का?"

"तुमच्या बाई?" काका सवयीनं म्हणाले. "एवढीशी व्हती. हातात तांब्या..." आणि थांबले. मुलं वाट बघत होती. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "म्होरलं तूच सांग."

मी मुलांमध्ये खाली बसले आणि गोणपाटापासून सुरुवात केली. चिखल सांगितला, रुसवा सांगितला, मुद्दाम हा शब्दही गाळला नाही. काका मान खाली घालून ऐकत होते, आपला भाग कधी येतो म्हणून. तो मी सांगितला नाही. तंबाखू खायला बाहेर आलेला माणूस माझ्या गोष्टीत नव्हताच.

तो आज पहिल्यांदा लिहिला. काका गेल्या महिन्यात गेले.