धक्का बसलाय, असं मी म्हणालो

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कधी बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही. नारायणगडावर दर्शनाला गेलो की दरवेळी वाटतं, निदान देवापुढं तरी म्हणावं — पण तिथंही ओठ हलत नाहीत. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी गेवराईत एका सहकारी दूध संस्थेच्या ऑफिसात कम्प्युटर बघायचो. त्यावर लिनक्स सिस्टीम टाकलेली, कारण ती फुकट. बाकीच्यांना माऊस धरून चित्रांवर टकटक करायची सवय; मी काळी खिडकी उघडून हुकूम टाईप करायचो. लोक मागं उभं राहून बघायचे. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू, लई आवडायचं.

त्या वर्षी दुष्काळानं दूध आटलं आणि संस्थेनं चकलांब्याजवळ चारा छावणी काढली. ती बघायला अण्णा होते. संस्थेचे जुने माणूस, जनावरांचे जाणते. छावणीतल्या प्रत्येक गाईला ते नावानं हाक मारायचे. कुणाची म्हैस रवंथ करत नाही, हे लांबून सांगायचे. उन्हाळ्याच्या शेवटी, टँकरची वाट बघत हौदाच्या कडेला बसले — ते उठलेच नाहीत.

त्यांचा मुलगा संतोष पुण्यात कंपनीत. त्यानं सुट्टीला आल्यावर अण्णांचं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं. जनावरांशी बोलताना, दुखण्यांवरचे उपाय सांगताना, बायकोला, म्हणजे काकूंना, चिडवतानाही. मग सगळं एका डिस्कवर उतरवून मोबाईल विकून टाकला. म्हणजे अण्णांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. त्या डिस्कमध्ये.

अण्णांना जाऊन महिना झाला असेल. सकाळच्या एसटीनं काकू आणि त्यांची सून मनीषा ऑफिसात आल्या. डिस्क अण्णांच्या उपरण्यात गुंडाळलेली, उपरणं पिशवीत, पिशवी मनीषाच्या छातीशी.

काकू म्हणाल्या, "दत्ता, टीव्हीला लावता येईल असं करून दे बाबा. त्यांचं बोलणं ऐकायचंय. फोटूला बोलता येत न्हाई."

पेनड्राईव्हवर नक्कल करायची, एवढंच काम. मी त्यांना बाहेर बाकड्यावर बसवलं आणि डिस्क जोडली.

आता जरा थांबून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लिनक्स जोडलेल्या डिस्कांना अक्षरं देते. पहिली एसडीए, मग एसडीबी, मग एसडीसी. ही अक्षरं कायमची नसतात. आज जी बी, ती उद्या सी होऊ शकते. म्हणून काही लिहायच्या आधी एक हुकूम द्यायचा — एलएसबीएलके. मग यादी येते: कुठलं अक्षर, केवढी डिस्क. पाच सेकंदांचं काम. संस्थेतल्या पोरांना मीच शिकवायचो — आधी ओळख पटवा, मग हात लावा.

तेवढ्यात मॅनेजर आले. शेजारचा कम्प्युटर बंद पडलाय, त्यात नवी सिस्टीम टाक म्हणाले. त्यासाठी पेनड्राईव्ह तयार करावा लागतो — त्यावरचं पुसून सिस्टीम लिहायची. तो मी नेहमी करायचो आणि तो नेहमी एसडीबी असायचा. मी पेनड्राईव्ह लावला, वरच्या बाणाचं बटण दाबून मागचाच हुकूम आणला — आणि एंटर.

यादी बघितली नाही. का नाही बघितली? कारण काहीच नाही. मॅनेजर मागं उभे होते आणि मला झटपट दिसायचं होतं.

मग नजर गेली. पेनड्राईव्हचा दिवा शांत. काकूंच्या डिस्कचा दिवा मात्र फडफडत होता. ती आधी जोडलेली, म्हणून आज एसडीबी ती होती.

मी ते थांबवलं, पण सुरुवातीचा भाग गेला होता. डिस्क उघडेना. तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणसाकडून होते. हो. तेवढंच असतं तर मी हे सांगितलं नसतं.

बाहेर गेलो. दोघी उठून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "काकू, डिस्क उघडत नाही. धक्का बसलाय. आणली कशी?"

आणली कशी — हे दोन शब्द. काकूंनी मान वळवून सुनेकडं बघितलं. ती नजर मी बघितली. ती नजर मीच तिकडं वळवली होती.

मनीषा पांढरीफटक पडली. "दत्ताभाऊ, म्या पिशवी मांडीवरच ठिवलती. उतरताना एकदा दांड्याला लागली, हळूच. तेवढ्यानं जातंय का ओ समदं?"

ती मला विचारत होती. खरंच विचारत होती — तिला माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं.

मी म्हणालो, "जातं."

अजून संपलं नाही.

दुसऱ्या दिवशी संतोषचा फोन आला. "असू द्या, दत्ताभाऊ. पुण्यात एक दुकान हाय, गेलेलं काढून देतंय. रविवारी येऊन तुमच्याकडची डिस्क नेतो." ते खरं होतं. सुरुवात गेली तरी मागचं बरंचसं परत मिळतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. अण्णांचा आवाज अजून त्या डिस्कमध्ये होता. पण दुकानदार डिस्क बघेल तेव्हा त्याला अजून एक गोष्ट दिसली असती — तिच्या सुरुवातीला लिनक्सची सिस्टीम लिहिलेली. बसच्या दांड्याला लागून ती तिथं येत नाही.

दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. मी डिस्क जोडली. काळी खिडकी उघडली. या वेळी एलएसबीएलके दिलं. अक्षर बघितलं. आकार बघितला. डिस्कच्या पाठीवरचा नंबर काढून पडद्यावरच्या नंबराशी ताडून बघितला. तीनदा. मग अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहायचा हुकूम दिला.

पुसण्यासाठी मी तिची नीट ओळख पटवली. ऐकताय ना?

चार-साडेचार तास लागले. तो हुकूम चालताना काही दाखवत नाही, नुसता ठिपका लुकलुकतो. त्या दिवसांत लाईटचा भरवसा नव्हता. मी शेजारी बसून देवाला विनवत होतो — आज लाईट जाऊ देऊ नको. गेली नाही.

दुकानदारानं संतोषला सांगितलं, डिस्क चांगलीय, पण कोरी आहे. त्यानं मला विचारलं, असं कावून झालं? मी म्हणालो, धक्क्यानं होतं कधीकधी. त्यानं मान्य केलं. तालुक्यात या गोष्टीतलं कळणारा मी एकटाच होतो.

त्या घरात पुढं काय झालं, ते मला कानावर येत राहिलं. अण्णांच्या फोटोला हार घालायची मनीषाला बंदी झाली. हिच्या हातात काही टिकत नाही, हे आधी घरात, मग गल्लीत, मग पाणवठ्यावर बोलायचं वाक्य झालं. पुढच्या वर्षी तिचं पोटातलं पोर चौथ्या महिन्यात गेलं. तेव्हाही काकू तेच वाक्य बोलल्या. मी हे सगळं ऐकलं आणि दर वेळी चहाचा कप तोंडाला लावला.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेराव्याला मी चकलांब्याला गेलो. जायचं नव्हतं, पण न जाणं दिसलं असतं.

मनीषा पंगतीत वाढत होती. माझ्यापाशी आली तेव्हा वाकून हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, शेवटी शेवटी म्या त्यांचे पाय धरले. म्हणलं, माझ्या हातनं तुमच्या माणसाचा आवाज गेला, माफ करा. लई रडल्या. मग डोक्यावर हात ठिवला. आता हलकं वाटतंय."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि समाधानही होतं.

तिनं माझ्या पानात बुंदी वाढली. अजून घ्या म्हणाली. मी घेतली आणि पान स्वच्छ करून उठलो.