जिन्यामागची काच

सकाळी चहाच्या आधी ती घराला हात लावून येई. दार, जिन्याचा कठडा, न्हाणीची भिंत, मागच्या खिडकीची चौकट. दुकानदार आपल्या कुलपाला लावतो तसा, मालकीचा हात.

गल्लीत तिला सगळे कडक काकू म्हणत. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात उभा जन्म तिनं चादरींना इस्त्री केली, त्यामुळे चादरींची खळ तिच्या जिभेवर चढली, असं समोरचा शिंपी म्हणे. तिच्या तोंडावर म्हणे, म्हणजे छाती मोठीच त्याची.

घर जुनं, दुमजली, दोन शेजाऱ्यांच्या मधे अंग चोरून उभं. कौल सरकलं की माळ्यावर थेंब. थेंब थांबवला की चौकटीत वाळवी. वाळवीला औषध घातलं की न्हाणीतला नळ रुसलेला. "या घरानं नाकात दम आणलाय," असं ती अशा सुरात सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिचं पोर परीक्षेत पहिलं आलंय.

नवरा दुकानांच्या पाट्या नि भिंती रंगवणारा. काम संपलं की डब्याच्या तळाशी उरलेला रंग घरी आणी आणि जिन्यामागच्या भिंतीला देऊन टाकी. औषधाच्या दुकानाचा हिरवा, शाळेचा पिवळा, बँकेचा निळा. लोकांच्या भिंती तो आधी खरवडून घेई. घरी मात्र खरवडायची सोय नव्हती, कारण त्याच भिंतीजवळ ती बाहेरचे कपडे इस्त्रीला घेई.

"माझ्या पांढऱ्या कपड्यांवर तुमची धूळ बसली ना, तर तुम्हालाच इस्त्री करीन."

तो हसे, आणि रंगावर रंग चढवी. भिंतीला भिंतीची आठवण राहू नये इतका.

तो गेला, आणि काही काळानं त्या भिंतीला तडा गेला. आधी केसाएवढा, मग बोटाचं नख शिरेल एवढा. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, त्यामुळे लटकणाऱ्या, कलणाऱ्या सगळ्याच गोष्टींवर त्याचा संशय.

"आई, ही भिंत बसली तर जिना बसेल. तू वर अडकशील नाहीतर खाली गाडली जाशील. यातलं काय हवंय तुला?"

"तू जरा गप्प बसलेला हवायस."

शेवटी त्यानं काचेची एक पातळ पट्टी आणली आणि तड्यावर आडवी चिकटवली. "भिंत हलली तर ही तुटणार. तुटली, तर घर बंद करून आमच्याकडे राहायला यायचं. नाही तुटली, तर मी विषय काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द. आणि तुझा?"

"माझा शब्द तुला विचारावा लागतो होय?"

तेव्हापासून सकाळच्या फेरीत काचही आली. ती पट्टी रोज पुसू लागली. शिंप्यानं दारातून डोकावून विचारलं, "काकू, एवढ्याशा काचेत तोंड दिसतं का हो?"

"घर दिसतं. तोंड काय बघायचंय, ते कुठं पळून चाललंय?"

आणि एका सकाळी फडकं अडकलं. काच मधोमध तडकली होती, सरळ, तड्याच्या रेषेत.

जिन्याखाली नवऱ्याची पेटी होती. तीत काचेच्या पाट्यांचे उरलेले तुकडे, काच कापायची हिरकणी, सगळं जागच्या जागी. नवी पट्टी कापायला कितीसा वेळ? तिनं तुकडा काढला, तड्यावर धरून पाहिला. नेमका बसत होता. कोणाला कळलं असतं? ती तशीच उभी राहिली, हातात काच धरून. धोबीखान्यात डाग घडीच्या आत दडवून चादर वॉर्डात पाठवणाऱ्या बायकांना तिनं उभं-आडवं घेतलं होतं.

तिनं तुकडा पेटीत ठेवला आणि फोन लावला. "काच तुटली. ये."

मुलगा आला, सून आली, भिंतीला टेकू द्यायला गवंडी आला. तिनं एक पिशवी भरली होती. कपड्यांच्या वर इस्त्री. दाराची किल्ली मुठीत.

"आई, तुम्हाला करमेल आमच्याकडे," सून हळूच म्हणाली. "लिफ्टसुद्धा आहे."

"आहे ना. तुझा नवरा सुट्टीच्या दिवशी तिच्यातच असतो."

सून हसली, पण सासूच्या मुठीकडे लक्ष जाताच वाकून पिशवीचे बंद बांधू लागली.

तडा किती खोल गेलाय ते पाहायला गवंड्यानं पत्र्याची पट्टी आत घातली आणि जरा उचकटलं. एक मोठा पापुद्रा भिंतीपासून सुटला आणि धप्पकन जमिनीवर उभा राहिला. चपलेच्या तळव्याएवढा जाड, नुसता रंग.

मागे जुना चुन्याचा गिलावा होता. ओलसर, फिकट, आणि सलग.

गवंड्यानं हातोडीच्या दांड्यानं भिंत वरपासून खालपर्यंत ठोकली. एके ठिकाणी गिलावा उडवून विटा पाहिल्या. मुलानं बॅटरी मारली, सांध्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"भिंत जागची हललेली नाही," गवंडी म्हणाला. "बाहेरचा पाइप फुटलाय, त्याची ओल आत येतेय. तिला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून रंग फुगून फाटला. काच रंगावरच चिकटवलेली, ती त्याच्याबरोबर गेली. पण एवढे थर चढवले कोणी?"

"माझ्या माणसानं," ती ताठ मानेनं म्हणाली. "आणि खरवडू दिलं नाही मी."

मुलगा पापुद्र्याची कड न्याहाळत उकिडवा बसला होता. हिरवा, निळा, तपकिरी, पुन्हा हिरवा. एका रेषेवर त्याचं बोट थांबलं. "हा आमच्या शाळेचा पिवळा."

"फाटकावरचं शाळेचं नावही त्यांच्याच हातचं."

"बोलले नाहीत कधी."

"तू रोज त्याखालून जायचास. तेवढं त्यांना पुरत होतं."

तो उठला, हात झटकले. "पाइप मी बदलून घेतो. पण हा रंग सगळा काढावा लागेल, आई. धूळ होईल."

"होऊ दे."

तिनं किल्ली खिळ्याला अडकवली, पिशवीतून इस्त्री काढून फळीवर ठेवली. मग पेटी उघडून काच घेतली, हिरकणीनं एका ओढीत पट्टी कापली आणि मुलापुढे धरली.

"आता कशाला? भिंत हललेली नाही, म्हणजे मी विषय काढणार नाही."

"काढू नकोस. पण ही चिकटव. या खेपेला भिंतीवर, रंगावर नको. तुटली तर मीच फोन करीन." तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. "आणि आधी हात धू. काचेवर ठसे उमटतात."