तिघी आणि एक सुपारी

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

एक टोरोंटोत, एक मेलबर्नला. मराठी बोलताना तुम्ही अडखळता, पण समजतं सगळं, म्हणून हे मराठीतच लिहिते आहे. इंग्रजी मी आयुष्यभर कॉलेजात मुलींना शिकवली, ती मला चांगली येते. तरी हे इंग्रजीत सांगणार नाही. वाचायला दोन बैठका लागल्या तर लागू देत.

आत्ताच लिहायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात एका शनिवारी तुमच्या फोनवरचा माझा निळा ठिपका इथल्या बाजारातल्या बडा फुहाऱ्यापाशी थांबला आणि हलेना. तुम्ही पुण्याला बाबांना फोन केला, बाबांनी इथे महाराजपुरात शेजारणीला केला, आणि ती बिचारी माझ्या दाराचं कुलूप हलवत "दीदी, दीदी" करत राहिली. मी तेव्हा मंडल्याला नर्मदेच्या घाटावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खात होते. झालं होतं इतकंच की फुहाऱ्यावर अस्तराचं कापड घेताना फोनची बॅटरी संपली, आणि पुढे बस लगेच मिळाली.

त्यानंतर तुम्ही दोघांनी आणि बाबांनी मिळून ठरवलं की आजीचं शनिवारचं फिरणं बंद, आणि दिवाळीनंतर हे घर भाड्याने देऊन आजीने पुण्याला राहायला जायचं. ठरवून मला कळवलंत. त्या कॉलवर मी काही बोलले नाही. आता बोलते.

तुमचे आजोबा गेले त्यानंतरच्या वर्षी मी शिकायला इंग्लंडला गेले, हे तुम्ही फोटोत पाहिलं आहे. बर्फात साडी नेसून उभी असलेली आजी, एवढंच तुम्हाला माहीत. तेव्हा तुम्ही शाळेत होतात. इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. मी नोकरीतून नुकती मोकळी झाले होते. जायचं ठरलं तेव्हा इथेच दीक्षितपुऱ्यात राहणाऱ्या आमच्या मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे तुमच्या बाबांच्या मोठ्या आईने, मला पाटावर बसवून विचारलं होतं, "काहून चालली गं आता? तुझ्या वयाच्या बाया नातवंडं खेळवून राहिल्या अन् तू दप्तर घेऊन चालली."

"नातवंडं पुण्याला आहेत," मी म्हटलं. "त्यांना खेळवायला त्यांची आई आहे."

"मग जा. पण तिथे आजारी पडलीस तर मला सांगू नको, मला विमानाची भीती वाटते."

गाव उत्तरेकडचं होतं, सतत ओलं. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात माझी एक खोली, आणि स्वयंपाकघर तिघींत मिळून. एक मुलगी घानाची, उंच, सगळ्या घराला ऐकू जाईल असं हसणारी. दुसरी व्हिएतनामची, ती दिवसदिवस बोलत नसे. दोघी तुमच्या बाबांपेक्षा लहान. मी पहिल्याच आठवड्यात फ्रिजचे कप्पे वाटून दिले आणि ओटा पुसायच्या पाळ्या लावल्या. उंच मुलीने कपाळाला हात लावून म्हटलं होतं, "मी आईपासून सुटका करून घ्यायला इतक्या लांब आले होते."

वर्गात सगळे प्राध्यापकांना नावाने हाक मारत. मला ते जमलं नाही. माझ्या मुलाच्या वयाच्या त्या माणसाला मी वर्षभर सर म्हटलं, आणि तो दर वेळी मागे वळून कोणाला म्हणताहेत ते बघायचा. तळघरातल्या मशीनमध्ये साडी धुवायला टाकली की तिची दोरी होऊन बाहेर येई. मग उंच मुलगी आणि मी दोन टोकं धरून ती कॉरिडॉरभर ताणायचो आणि व्हिएतनामची मुलगी काही न बोलता खालून वाकून जायची. ग्रंथालयात माझी जागा खिडकीजवळ ठरलेली होती. मला ते सगळं आवडत होतं. फक्त शनिवार सोडून.

शनिवारी सकाळी दोघी बाहेर पडायच्या. पहाटेच्या बसची तिकिटं स्वस्त असत, त्यामुळे कधी जुना किल्ला, कधी समुद्र, कधी नुसती नदी आणि पूल. रात्री चिखलाचे बूट घेऊन यायच्या. मी मात्र इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपसमोर बसलेली असायचे, कारण तुमच्या बाबांनी मला पाठवताना एक अट घातली होती. शनिवारी इथल्या दुपारी, म्हणजे तिथल्या सकाळी, सगळं घर कॉलवर येणार. पुण्याहून बाबा, दीक्षितपुऱ्यातून मोठी आई, तिच्याकडे जेवायला आलेलं जे कोण असेल ते. एकेक जण पडद्यासमोर यायचा आणि विचारायचा, जेवलीस का, थंडी आहे का, वाळली आहेस. हे सगळ्यांचं होईपर्यंत तिथली दुपार उलटायची आणि तिथला उजेड गेलेला असायचा. प्रेम होतं, ते मी नाकारत नाही. पण ती हजेरी होती. आठवडाभर मी विद्यार्थिनी होते आणि शनिवारी कुणाच्या तरी ताब्यातली बाई.

एका शनिवारी दोघींनी आदल्या दिवशीच माझं तिकीट काढून ठेवलं. समुद्रावर जायचं होतं. बस थोडी उशिराची घेतली होती, माझ्यासाठी. मी रात्रीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून डबा भरला. सकाळी कॉल लावला, तेव्हा उंच मुलगी दारात माझे बूट हातात धरून उभी होती.

"आज मला जायचं आहे," मी पडद्याला सांगितलं. "पाच मिनिटांत निघते."

तुमचे बाबा म्हणाले, "अच्छा, कुठे?"

"समुद्रावर."

"आई, या थंडीत? पडलीस-बिडलीस तर? अगं, तुला काही झालं तर मी इथून काय करू? पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात तू हेच म्हणशील."

"मी तुला शिकायला पाठवलंय, फिरायला नाही."

तू मला पाठवलं नाहीस, मी आले आहे, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मोठ्या जाऊबाईंनी चौकोनात तोंड घातलं. इतक्या जवळ की फक्त नाक आणि चष्मा दिसत होता.

"संग कोण आहे?"

"याच दोघी."

"म्हणजे तुम्ही तिघी?"

"हो."

मागून कोणीतरी "अगंबाई, तिघी!" म्हणालं. तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल. आपल्याकडे तिघं मिळून कामाला निघत नाहीत, काम होत नाही म्हणतात. निघावंच लागलं तर एक सुपारी बरोबर घेतात. ती चौथी. मग चालतं.

"तिघींनी काहून जाता?" जाऊबाई म्हणाल्या. "मसाल्याच्या डब्यात खाली बघ. हळदीच्या वाटीखाली."

मी डबा आणला. वाटी उचलली. खाली सुपारी होती. मी निघाले तेव्हा त्यांनीच डबा भरून दिला होता, आणि मला न सांगता ती खाली घातली होती.

"मोठी आई," तुमचे बाबा म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही तरी तिला थांबवाल..."

"तू चूप बस. ती काय तुझ्या वर्गातली पोर आहे का? सुपारी घेतली ना गं? मग जा. बस सुटून राहिली असेल."

मी लॅपटॉप मिटला. बूट घातले.

बसमध्ये रांगेत चार जागा होत्या. आम्ही तिघी बसलो. रस्त्यात मी दोघींना सुपारीचं सांगितलं, तर उंच मुलीने ती माझ्या हातातून घेतली आणि चौथ्या जागेवर नीट ठेवली. मधल्या थांब्यावर एक गृहस्थ चढला आणि बसायला वाकला. व्हिएतनामची मुलगी, जी कधी बोलत नसे, शांतपणे म्हणाली, "माफ करा, इथे कोणीतरी बसलं आहे." तो सुपारीकडे बघून मागे गेला. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत दर शनिवारी दारातून निघताना दोघी विचारायच्या, चौथी घेतली का?

समुद्र राखाडी होता आणि वारा साडीत शिरून मला मागे ढकलत होता. किनाऱ्यावर आमच्याखेरीज कुत्री आणि त्यांचे मालक. दशम्या वाळूसकट खाल्ल्या. फार सुंदर होतं असं नाही. पण परतीच्या बसमध्ये मला जी झोप लागली, तशी तुमचे आजोबा गेल्यापासून लागली नव्हती.

वसंतात दोघींच्या परीक्षा आल्या आणि मी एका शनिवारी एकटीच समुद्रावर निघाले. जाऊबाईंना फोनवर सांगितलं.

"आज किती जणी?"

"एकटी."

"एकटीला सुपारी लागत नाही," त्या म्हणाल्या. "आल्यावर सांग, समुद्र केवढा होता."

तुमच्या बाबांनी शनिवारचं पुन्हा कधी काढलं नाही. घरातल्या मोठ्या माणसाने एकदा जा म्हटलं होतं, ते पुरलं. परत आल्यावरही मी शनिवार सोडला नाही. मंडला, भेडाघाट, कटनी, जिथे सकाळी जाऊन दिवे लागेपर्यंत परतता येईल तिथे. बसचे कंडक्टर आता ओळखतात. "माताजी, आज कहाँ?" म्हणतात आणि खिडकीची जागा देतात.

जाऊबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या असत्या तर तुमच्या त्या कॉलवर नाक आणि चष्मा घालून दोन वाक्यांत सगळं मिटवलं असतं. त्या नाहीत, आणि बाबांना वाटलं की आता मला जा म्हणणारं कोणी उरलं नाही. पण नीट बघा. या घरात आता सगळ्यांत मोठी मीच आहे. जा म्हणायचा अधिकार माझ्याकडे आला आहे, आणि तो मी वापरते आहे.

फोनची बॅटरी भरून निघत जाईन, तेवढं तुमचं बरोबर होतं. घर भाड्याने जाणार नाही. दिवाळीला पुण्याला येईन, फराळाचं घेऊन येईन आणि परत येईन. तुम्ही माझ्याबद्दल जे ठरवलंत ते तिघांनी मिळून ठरवलंत, आणि चौथी घ्यायला विसरलात. म्हणून ते काम होणार नाही. राग मानू नका, तुम्हाला माहीत नव्हतं.

सुपारी अजून मसाल्याच्या डब्यात आहे, हळदीच्या वाटीखाली. एका बाजूने पोखरली आहे आणि पिवळी पडली आहे. शनिवार आहे. मी एकटीच निघते आहे, म्हणून ती डब्यातच राहू दे.