आप्पांचा तीन नंबरचा पीसी

आधीच सांगतो, लिंबू-मिरची, बाहेरची बाधा वगैरे मला कधीच पटलं नाही. महाडमध्ये पंधरा वर्षं कॉम्प्युटर-नेटवर्कची कामं करतोय. पीसी हँग होतो तो केबलमुळे, नाहीतर माणसाच्या कर्तृत्वामुळे, एवढंच मला ठाऊक! पण हे जे घडलं...

बाजारपेठेत आप्पांचा फोटो स्टुडिओ. खाली तीन पीसी आणि सगळ्यांचे फोटो साठवलेला सर्व्हर वर माळ्यावर — सावित्रीच्या पुराच्या धास्तीने आमच्याकडे जपायचं ते माळ्यावरच जातं. आप्पा गेले आणि आठ महिन्यांनी त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, स्टुडिओ बंद करायचं ठरवलं. फोटो नव्या डिस्कवर घेऊन सर्व्हर पुसायचा, हे काम माझ्याकडे आलं.

काकू माहेरच्या वरंधच्या. दुपारी पायरीवर बसून म्हणाल्या, "बघ रे नितीन, त्यात माझा एखादा फोटो हाय का. अल्बम पुरात गेले. नातीला दाखवायला तरुणपणीचा एक नाय." अख्ख्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्याच्या घरात ही गत... दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

शोधलं, नाही सापडला. मला फार वाईट वाटलं. सगळी कॉपी झाली. पण आप्पा बसायचे तो तीन नंबरचा पीसी — सर्व्हरचा फोल्डर उघडला की हँग! बाकी दोन व्यवस्थित. केबल बदलली, नेटवर्क स्विचचा पोर्ट बदलला. ढिम्म. सोडून दिलं असतं तरी चाललं असतं, पण मी हट्टाला पेटलो. कुणी कुठली फाईल उघडून धरलीय ते सर्व्हरवर पाहिलं. एकच नोंद होती — पीसी तीन, लॉगिन आप्पांचं.

ते लॉगिन आप्पा गेल्यावर मीच काढून टाकलं होतं. सर्व्हर रीस्टार्ट केला, पीसी तीनची केबलच उपसली. नोंद तशीच! तिच्यात फोल्डरचं नाव होतं, 'रोल संपवणे'. लपवून ठेवलेला फोल्डर, म्हणून माझ्या कॉपीत आलाच नव्हता. आणि मी सर्व्हर पुसायला निघालो होतो.

उघडला तर... काकू. दळण घेऊन येताना, डबा घेऊन दारात, रागाने तोंडावर पदर धरलेल्या. शेकडो काकू! फिल्मच्या रोलच्या दिवसांत शेवटचा एखादा फोटो उरला की रोल धुण्याआधी आप्पा तो त्यांच्यावर संपवायचे.

"मी भांडायची रे," काकू रडत-हसत म्हणाल्या. "म्हणायची, रोल संपवायलाच मी दिसते काय? मला वाटायचं, टाकून देतात."

आप्पांनी एकूण एक स्कॅन करून ठेवला होता.

तो फोल्डर कॉपी झाला आणि नोंद गेली. पीसी तीन सुरळीत चालू लागला. पुण्याच्या मित्राला विचारलं, तो म्हणाला, जुनी नोंद अडकली असेल. असेल बुवा. रीस्टार्टनंतर? केबल काढलेली असताना?

निघताना म्हटलं, "काकू, मोबाईलवर एक काढतो." सवयीने पदर तोंडाकडे गेला... मग त्यांनी तो खाली घेतला, माझ्याकडे न बघता आप्पांच्या खुर्चीकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "हां, काढा आता."