पिवळ्या पेटीचा उपास

अगं पोरी, फोन नीट कानाशी धर. गेल्या दिवाळीपासून तोंड दाखवलं नाहीस, शोभतं का हे?

आमच्या देवपुरात गल्लीच्या तोंडाशी नळाच्या गॅसची पिवळी पेटी बसवलीय. दसऱ्याला आपण विळी पूजतो, तशी यंदा आम्ही बायांनी तीही पूजली. पुढे दिवा लावला, आणि पेटी फुसफुसायला लागली! "देवी आली!" म्हणत मी कापूर पेटवायला निघाले.

तेवढ्यात गॅसवाला आला. दाब वाढल्याचं त्याला मोबाइलवर कळलेलं. मोटारसायकल नाक्यावरच बंद करून तो पळत आला. ओरडला नाही. दिव्याची वात चिमटीत विझवली, पेटीला हात जोडले आणि म्हणाला, "अक्का, देवीले विस्तवना उपास शे. बठ्ठ्या मांगे सरा!"

देवीला विस्तव चालत नाही म्हटल्यावर आम्ही सगळ्या मागे सरलो. त्याने कळ फिरवली, कान लावला. फुसफुस थांबली, आणि तो ओट्यावर बसला. मग म्हणाला, "दाब वाढला की ही गॅस बाहेर सोडते. कापूर पेटला असता, तर गल्ली पेटली असती."

नाव विचारायचं राहिलंच बघ.

आता पेटीला नुसती फुलं वाहतो. तिच्यापुढे कुणी बिडीही ओढत नाही.

लवकर ये गं. जावईबापूंना मात्र सांग, सिगारेट नाक्यावरच विझवा. देवीचा उपास मोडायला नको.