बाबांच्या तोंडावरचं फडकं

गल्लीत तिला सगळे पुतळेवाली म्हणायचे. खरं तर चौकात उभा करावा असा एकही पुतळा तिच्या हातून झाला नव्हता. ती घडवायची ती साधी माणसं. खुर्चीच्या कडेला टेकलेली, हात मांडीवर टाकलेली, ओठ घट्ट मिटलेली. बघायला येणारे आधी "अगदी आमची आत्या!" म्हणून हसायचे आणि मग गप्प व्हायचे. एक बाई तर डोळे पुसत तिच्यावरच चिडली होती, "असलं कशाला करता हो? घरी जाऊन घास उतरत नाही." नवरा म्हणायचा, "लोकांना रडवून पोट भरणारी आमच्या घरात हीच एकटी."

वडील गेले तेव्हा ती दुसऱ्या गावी प्रदर्शन मांडत होती. पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. शेवटचा चेहरा बघायला मिळाला नाही, ही गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली. म्हणून तिने वडिलांना मातीत घडवायला घेतलं. शिलाई मशीनपुढे बसलेले, मान कललेली. अंग चटकन जमलं, चेहरा मात्र काही केल्या साधेना. दर वेळी कुणीतरी लांबचे काका व्हायचे! शेवटी एकदाचा तो जमला. माती सुकली की तडकते, म्हणून तिने चेहऱ्यावर ओलं फडकं गुंडाळलं, वर प्लास्टिक बांधलं, आणि तिच्याकडे राहायला आलेल्या आईला घरी ठेवून दोन दिवस सामान आणायला गेली.

परत आली तर फडकं बाबांच्या खांद्यावर, चेहरा उघडा आणि समोर टेबलफॅन चालू. नाकापासून ओठापर्यंत तडा गेला होता.

"पंखा कुणी लावला?" ती किंचाळलीच.

"मी. जीव गुदमरत होता त्यांचा," आई म्हणाली.

"आई, माती आहे ती!"

"माहितीये मला. वेड नाही लागलेलं."

दुपारपर्यंत ती तडा बुजवायला झटत राहिली. मग आईने चहा आणून ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसली. "दवाखान्यात नर्सने त्यांच्या तोंडावर चादर ओढली. त्यांना तोंडावर पांघरूण कधी चाललं नाही, थंडीतसुद्धा. बाजूला करावीशी वाटली गं. पण चार माणसं उभी होती. म्हटलं, काय म्हणतील. माझा हातच उचलला गेला नाही."

लेकीचा राग जागच्या जागी विरला. आपण नव्हतो, एवढंच ती इतके दिवस कुरवाळत बसली होती. जी तिथे होती तिलाही काही टोचत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

चेहरा तिने पुन्हा घडवला. आई दिवसभर पाणी फवारायची बाटली घेऊन शेजारी बसायची. नवरा म्हणाला, "हयातीत बाबांना एवढं पाणी कुणी विचारलं नव्हतं!" त्यावर आईसुद्धा हसली.

पण मातीचं माणूस तसंच ठेवता येत नाही. साचा घ्यायचा तर ते चेहऱ्यासकट प्लास्टरखाली गाडावं लागतं. हे आईला कसं सांगायचं? लेक रोज उद्यावर ढकलत राहिली. शेवटी मन घट्ट करून तिने सांगितलं.

"किती वेळ झाकायचं?" आईने विचारलं.

"अर्धा तास. मग साचा निघतो. पण आतली माती मोडते, आई. नंतरचे बाबा सिमेंटचे. चेहरा हाच."

आईने हातातली बाटली खाली ठेवली. "या वेळी तू आहेस ना इथे?"

"आहे."

पायांपासून प्लास्टर लावायला सुरुवात झाली. छाती झाली, मान झाली, आणि चेहऱ्याशी लेकीचा हात थांबला. आईने पदर खोचला आणि पुढे झाली. जावई होता, मदतीला आलेला साचेवाला होता, तिने कुणाकडेच बघितलं नाही. ओल्या गालावरून तळवा फिरवत ती म्हणाली, "थोडा वेळच हं. आम्ही दोघी इथेच आहोत." आणि प्लास्टरची पहिली मूठ तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या कपाळावर लावली.

लेक रडत होती आणि रडत रडतच पुढचं प्लास्टर कालवत होती, कारण ते फार लवकर घट्ट होतं.