मांजराचा चार्ज

उरणकडे खाडीकाठच्या एका कचेरीत मी तेव्हा दप्तर सांभाळत होतो. गोऱ्या साहेबांचं राज्य होतं. दप्तरात उंदीर फार झाले म्हणून रीतसर मंजुरी घेऊन एक मांजर पाळलेलं. पुढे माझी बदली चौलच्या बाजूला झाली आणि माझ्या जागी आलेल्या तरुण कारकुनाला मी चार्ज देऊ लागलो. त्याने कपाटं, कुलपं, चाव्या, कंदील सगळं यादीशी ताडून पाहिलं.

"मांजर एक लिहिलंय. इथे तर चार दिसतात."

"ती पिल्लं आहेत हो! महिन्यापूर्वी व्यालंय."

"असतील. यादीत नाहीत. मी सही करणार नाही."

आम्ही कचेरीतल्या वरिष्ठांकडे, अवल कारकुनांकडे गेलो. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. सरकारी घोडीला शिंगरू झालं तर ते सरकारचं, नको असेल तर लिलाव करावा, एवढं त्यात सापडलं.

"पण हे मांजर आहे," मी म्हटलं.

"पाय चारच ना?"

शिपायाने बाजारात दवंडी दिली. माणसं जमली, हसली. बोली कुणी बोलेना. शेवटी एका कोळणीने पाटी खाली ठेवली.

"मांजराची पिल्लं कोन इकत घेतं, भाऊ? द्या हिकरं," म्हणत तिने ती पाटीत घातली आणि चालू लागली. फुकट द्यायचा नियम नव्हता, तिला अडवायचाही नव्हता. अवल कारकून पुस्तकाची पानं उलटत राहिले. तोवर मांजर तिच्या मागे धावत गेलं होतं.

"आता एकही नाही," नवा कारकून म्हणाला.

मला चौलकडे नेणारा मचवा सुटायची वेळ होत आलेली. मी धावत कोळीवाड्यात गेलो. मांजर जाळ्यांच्या ढिगावर पिल्लांना पाजत पडलं होतं. उचलायला गेलो तर हात ओरबाडून घेतला. रिकामा परतलो. अवल कारकुनांनी बराच विचार केला, चार्जच्या कागदावर 'मांजर एक, फिरतीवर' असं लिहिलं, आणि नव्या कारकुनाने निमूट सही केली.

नव्या कचेरीतल्या हेडक्लार्कांनी तो कागद दोनदा वाचला. हे कसं झालं ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं,

"मांजर फिरतीवरून परत कधी येणार, ते का लिहिलं नाही?"